शंभराचे एकशे दहा

मे महिन्यातली पुण्यातली दुपार धरू. शेडमध्ये ३६ अंश सेल्सिअस तापमान, हवेचा प्रत्यक्ष दाब ९४५ हेक्टोपास्कल आणि त्यातला १५ हेक्टोपास्कलचा वाटा पाण्याच्या वाफेचा. डायनोच्या, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या, रोलरवर टर्बो नसलेली एक साधी पेट्रोल गाडी चढवली आहे. रन झाला आणि चाकांवर १०० अश्वशक्ती भरली. आता गाडीला हात न लावता संगणकावरचा फक्त एक पर्याय बदलत जायचा. 'अनकरेक्टेड' ठेवला तर ग्राफवर १०० छापून येतात. अमेरिकेतल्या सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्सचा 'एसएई जे १३४९' निवडला तर जवळपास ११० येतात. जर्मन 'डीआयएन ७००२०' निवडला तरी ११०च्याच आसपास. 'एसटीडी' या नावाने ओळखला जाणारा जुना अमेरिकी 'जे ६०७' निवडला तर ११२-११३. त्यावर एचपीऐवजी पीएस हे एकक घेतलं, तर ११४. गाडीचा एक स्क्रूही हललेला नसतो, पेट्रोल तेच, चालवणारा तोच, रनसुद्धा तोच एक.

असा कागद हातात पडला की माणसं दोन टोकांना जातात. एक म्हणतो, ११० हीच गाडीची खरी ताकद. पुण्याच्या हवेनं ती दाबून ठेवली होती, गणितानं ती बाहेर काढली. दुसरा म्हणतो, मोजले १०० आणि लिहिले ११०, ही सरळ बनवाबनवी आहे. मला दोन्ही मतं चुकीची वाटतात आणि दोन्हींची चूक एकाच जागी आहे असंही वाटतं. अश्वशक्ती हा गाडीचा स्वतःचा, कुठेही नेलं तरी न बदलणारा गुण आहे, असं दोघंही धरून चालतात. पेट्रोल किंवा डिझेल इंजिनाच्या बाबतीत ते खरं नाही. इंजिन जितका ऑक्सिजन ओढतं तितकंच इंधन जाळू शकतं, आणि ऑक्सिजन किती मिळणार हे गाव, ऋतू आणि दिवसाची वेळ ठरवते. म्हणून 'या गाडीत किती ताकद आहे' हा प्रश्नच अर्धवट आहे. कोणत्या हवेत, हे जोडल्याशिवाय तो पुरा होत नाही. करेक्शन फॅक्टर, म्हणजे दुरुस्तीचा गुणक, तेवढंच जोडतो: मोजणी झाली ती हवा बाजूला ठेवून, आपण सगळ्यांनी मिळून ठरवलेल्या एका हवेत हीच गाडी किती भरली असती, याचा तो अंदाज देतो. अंदाज उपयोगी आहे, पुष्कळदा अपरिहार्य आहे. पण तो अंदाज आहे हे कागदावरून पुसलं गेलं की तो दिशाभूल करू लागतो, आणि आपल्याकडे टर्बो गाड्यांच्या बाबतीत तर तो राजरोस चुकीचा वापरला जाऊ शकतो. या लेखात मला मुख्यतः तेच सांगायचं आहे.

आधी करेक्शनची बाजू. १९९९ साली फोर्डने अमेरिकेत मस्टँग कोब्रा ही गाडी ३२० अश्वशक्तीची म्हणून विकायला काढली. मालकांनी गाड्या आपापल्या गावातल्या डायनोवर चढवल्या आणि आकडे अपेक्षेपेक्षा कमी आले; एका गावात नव्हे, गावोगाव. तक्रारी वाढल्या, ऑगस्ट महिन्यात फोर्डने विक्री थांबवली, आणि विकलेल्या गाड्या परत बोलावून त्यांचे इनटेक मॅनिफोल्ड आणि एक्झॉस्टचे भाग बदलून दिले. दोनच वर्षांनी माझ्दाच्या मियाटाचा १५५चा आकडा १४२वर आला आणि नको असेल त्या ग्राहकाची गाडी परत घेण्याची तयारी कंपनीला दाखवावी लागली. २००२मध्ये ह्युंदाईने अमेरिकेत विकलेल्या अनेक मॉडेलांची अश्वशक्ती जास्त सांगितली गेल्याचं कबूल केलं. कोब्राच्या वेळी सामान्य मालक एवढ्या मोठ्या कंपनीसमोर उभे राहू शकले, त्यामागे डायनोचं यंत्र होतं तसंच हे साधं गणितही होतं. ते नसतं तर प्रत्येक मालकाला वेगवेगळं उत्तर देऊन वाटेला लावता आलं असतं: तुमची गाडी डोंगरावरच्या विरळ हवेत मोजली, तुमची वाळवंटाच्या उन्हात, तुमची पावसाळी दमट दिवशी. गुणकामुळे लांबलांबच्या गावांतले आकडे एका रांगेत उभे राहिले. जे लोक करेक्शनला सरसकट फसवणूक म्हणतात, त्यांनी आपण ग्राहकाच्याच हातातलं हत्यार काढून घेतो आहोत, हे लक्षात घ्यावं.

आता हा गुणक बनतो कसा, ते पाहू, कारण त्याची मर्यादा त्याच्या बांधणीतच आहे. एसएई जे १३४९ची ठरलेली हवा म्हणजे २५ अंश सेल्सिअस आणि कोरड्या हवेचा ९९० हेक्टोपास्कल दाब. सूत्र असं: ९९०ला मोजणीच्या वेळच्या कोरड्या हवेच्या दाबाने भागायचं, तापमानात २७३ मिळवून २९८ने भागायचं आणि त्याचं वर्गमूळ काढायचं, दोन्हींचा गुणाकार १.१८ने गुणून त्यातून ०.१८ वजा करायचे. दाबाचा भाग सोपा आहे. दाब निम्मा तर हवा निम्मी. तापमान मात्र वर्गमुळात का जातं? गरम हवा विरळ असते हे खरं, पण गरम हवेत ध्वनीचा वेग वाढतो आणि व्हॉल्व्हच्या अरुंद वाटेतून तीच हवा थोडी जास्त वेगानं आत शिरते. विरळपणामुळे जेवढं जातं त्यातलं साधारण निम्मं वेगामुळे परत मिळतं. म्हणून तापमानाचा फटका दाबाच्या फटक्यापेक्षा सौम्य.

मला या सूत्रातला सर्वांत सुंदर भाग वाटतो तो १.१८ आणि ०.१८चा. सिलिंडरमध्ये निर्माण होणारी सगळी ताकद बाहेर येत नाही. पिस्टन, बेअरिंग, ऑइल पंप यांचं घर्षण तिचा काही भाग खाऊन टाकतं. सूत्र असं मानतं की बाहेर येणारा भाग ८५ टक्के. मग बाहेर १०० आले म्हणजे आत सुमारे ११८ तयार झाले आणि १८ घर्षणात गेले. हवा बदलली की आतले ११८ बदलतात. घर्षणाला हवामानाशी देणंघेणं नाही, ते १८च राहतात. म्हणून दुरुस्ती ११८वर करायची आणि १८ जसेच्या तसे वजा करायचे. विचार नेटका आहे. पण त्यात एक गृहीतक ठाण मांडून बसलं आहे: प्रत्येक इंजिनाचं घर्षण १५ टक्के. पातळ तेलावर फिरणारं नवं तीन सिलिंडरचं इंजिन आणि दीड लाख किलोमीटर झालेलं जुनं इंजिन, दोघांना एकच माप.

ठरलेली हवा कोणती, हा तर शुद्ध कराराचा विषय आहे. डीआयएन ७००२०ने २० अंश आणि १०१३ हेक्टोपास्कल मानले. जे ६०७ने सुमारे १५.५ अंश आणि कोरड्या हवेचे १०१३. थंड आणि दाट हवा कल्पिली की इंजिन कागदावर जास्त ताकद देणारच. म्हणून एसटीडीचा आकडा एसएईपेक्षा साधारण अडीच ते चार टक्क्यांनी वर असतो, आणि सुटे भाग विकणाऱ्याला तो सोयीचा पडतो. यात खोटं काही नाही, पण एका गाडीचा एसटीडी आकडा दुसऱ्या गाडीच्या एसएई आकड्याशेजारी ठेवून 'आमची जास्त' म्हणणं मात्र खोटं आहे.

या सूत्रांना स्वतःची सीमा ठाऊक आहे. कारखान्यांतल्या मोजणीसाठी असलेल्या आयएसओ १५८५ या आंतरराष्ट्रीय मानकाची ठरलेली हवाही २५ अंश आणि ९९० हेक्टोपास्कलचीच आहे. पेट्रोल इंजिनासाठी त्याचं सूत्र जरा वेगळं: दाबाचं गुणोत्तर १.२व्या घाताला, तापमानाचं ०.६व्या घाताला. पण महत्त्वाची आहे ती त्यातली अट. गुणक ०.९३ आणि १.०७ यांच्या दरम्यान असला पाहिजे. त्याबाहेर गेला तरी दुरुस्त केलेला आकडा देता येतो, मात्र मोजणीच्या वेळचं तापमान आणि दाब अहवालात स्पष्ट नोंदवावे लागतात. म्हणजे सूत्र करणाऱ्यांनीच सांगून ठेवलं आहे की सात टक्क्यांपलीकडे आमच्या गणितावर डोळे मिटून विसंबू नका.

आता ही अट पुण्याला लावून पाहा. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे. इथल्या हवेचा दाब सरासरी ९४८च्या आगेमागे असतो. वर धरलेल्या मे महिन्यातल्या दुपारी एसएईचा गुणक येतो १.०९९ आणि आयएसओचा १.१०. दोन्ही सीमेबाहेर. जानेवारीतली सकाळ घेतली, २० अंश, दाब ९५२, वाफ १०, तर एसएईचा गुणक १.०५ येतो आणि मोजणी नियमात बसते. अगदी २५ अंशांचा सुखद दिवस घेतला तरी पुण्याचा नुसता दाबच गुणकाला १.०७च्या उंबरठ्यावर नेतो. ज्या शहरात ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया १९६६पासून आहे, ज्याच्या पिंपरी, आकुर्डी, चाकणच्या पट्ट्यात देशातल्या गाड्यांचा मोठा हिस्सा जन्माला येतो, त्या शहरातल्या पत्र्याच्या शेडमधला बहुतेक वर्षभराचा डायनो-आकडा मानकानं आखलेल्या रेषेवर किंवा तिच्या पलीकडे असतो. हे पुण्यात गाड्यांवर जीव टाकणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. मोठ्या प्रयोगशाळांत इंजिनाला द्यायची हवा यंत्रणेनं थंड-गरम करून देतात. शेडमध्ये एक मोठा पंखा असतो.

दाब नेमका कोणता घ्यायचा, इथेही घोळ होतो. हवामानाच्या बातमीत किंवा मोबाइलवर पुण्याचा दाब १००८, १०१० असा दिसतो. तो पुण्यात प्रत्यक्ष असलेला दाब नसतो. हवामानशास्त्राला वेगवेगळ्या उंचीवरच्या गावांची तुलना करायची असते, म्हणून वेधशाळा प्रत्येक ठिकाणचा दाब समुद्रसपाटीला आणून सांगतात. गंमत म्हणजे हाही एक करेक्शन फॅक्टरच आहे, आणि शिमल्याहून हवामान खात्याचं मुख्य कार्यालय १९२८मध्ये ज्या 'सिमला ऑफिस'मध्ये आलं, तिथून पुणेकर तो पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आले आहेत. डायनोवाल्यानं हा १०१० आकडा हातानं भरला तर गुणक एकाच्या जवळ येईल आणि बिचाऱ्या गाडीचे आठेक टक्के जातील. डायनोला लागतो तो त्या शेडमधला, त्या क्षणीचा, न सुधारलेला दाब.

मुंबईची अडचण वेगळी. तिथे उंची नाही, पण वाफ आहे. जुलैमध्ये २९ अंश, ८५ टक्के आर्द्रता, एकूण दाब १००४ घेतला तर त्यातले सुमारे ३४ हेक्टोपास्कल वाफेचे असतात. वाफ सिलिंडरमध्ये जागा घेते आणि जळण्याला काहीही मदत करत नाही. ती वजा करून एसएईचा गुणक १.०३ येतो; वाफ विसरली तर ०.९९. म्हणजे आर्द्रता मोजणारा सेन्सर बंद पडला असेल तर नुसत्या कोकणच्या पावसाळ्यानं चार टक्क्यांची चूक होते. कोरड्या हवेच्या गावात ही चूक कुणाच्या लक्षातही येणार नाही. तापमानाच्या सेन्सरची जागाही अशीच घातक. तो खोलीत, इंजिन ज्या हवेतून श्वास घेतं तिथे लावायचा असतो. तो तापलेल्या बॉनेटजवळ किंवा एक्झॉस्टच्या झोतात ठेवला आणि दहा अंश जास्त दाखवू लागला, की गुणक जवळपास दोन टक्क्यांनी फुगतो. शंभराच्या गाडीला दोन अश्वशक्ती फुकट. हे मुद्दाम कुणी करतंच असं नाही. जागेअभावी सेन्सर जिथे टांगला तिथे राहतो, एवढंच.

समुद्रसपाटीचा दाब भरण्याचा घोळ सोडला, तर इथवरच्या त्रुटी टक्क्या-दोन टक्क्यांच्या, फार तर चारच्या. टर्बोच्या, म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणाऱ्या यंत्रणेच्या, बाबतीत मात्र गुणकाचं मूळ गृहीतकच कोसळतं.

सूत्र असं मानतं की बाहेरची हवा विरळ झाली की सिलिंडरमधली हवाही त्याच प्रमाणात विरळ होते. टर्बो नसलेल्या इंजिनात ते बरोबर आहे. पण आजच्या टर्बो पेट्रोल गाडीत, उदाहरणार्थ चाकणच्या कारखान्यातून निघणाऱ्या फोक्सवॅगनच्या ११५ पीएसच्या एक लिटर टीएसआयसारख्या इंजिनात, संगणक टर्बोला सांगतो की मॅनिफोल्डमध्ये अमुक दाब हवा आहे. पुण्यात हवा विरळ मिळाली तर टर्बो जास्त वेगानं फिरतो आणि ती तूट भरून काढतो. फिरण्याला जोवर वाव आहे तोवर आतल्या पिस्टनला मुंबई आणि पुणे यांत फारसा फरक जाणवत नाही. जास्त दाबलेली हवा जास्त तापते, इंटरकूलरवर ताण येतो, नॉकिंगच्या, म्हणजे इंधन अवेळी पेटण्याच्या, भीतीनं संगणक स्पार्क थोडा मागे घेतो, त्यामुळे थोडं नुकसान होतं. पण ते सूत्र सांगतं तेवढं सहसा नसतं. या गाडीनं पुण्यात १०० दिले आणि आपण तिला ११० लिहिले, तर ते दहा कुठल्याही हवेत अस्तित्वात नव्हते. तीच गाडी मुंबईत नेऊन मोजली तर ११० भरणार नाहीत. गमावलंच नव्हतं ते आपण परत केलं.

मानकं करणाऱ्यांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. आयएसओ १५८५मध्ये डिझेलसाठी टर्बो नसलेल्या इंजिनाला दाबाचा घात १ आहे, तर टर्बोला ०.७, उलट तापमानाचा घात टर्बोसाठी ०.७वरून १.५वर नेला आहे. म्हणजे टर्बोला उंचीची झळ कमी आणि उन्हाची जास्त, हे त्यांनी सूत्रातच लिहून ठेवलं. त्याशिवाय प्रत्येक फेऱ्यात किती इंधन जळतं त्यावरून ही दुरुस्ती कमी-जास्त करायची सोय ठेवली. एवढा बारकावा शेडमधल्या सॉफ्टवेअरच्या यादीत एका 'एसएई' या शब्दामागे नाहीसा होतो.

अमेरिकेतल्या डेनव्हर शहराला या प्रश्नाचा जुना अनुभव. शहर १६०९ मीटर उंचीवर, बरोबर एक मैल. तिथे एसएईचा गुणक २० टक्क्यांच्या पुढे जातो. तिथले जाणकार ट्यूनर टर्बो गाडीचा दुरुस्त केलेला आकडा दाखवणाऱ्याला आधी अनकरेक्टेड ग्राफ मागतात. शहराजवळच्या बँडिमिअर स्पीडवेवर २०२३पर्यंत ड्रॅग रेस होत, आणि त्या खेळाच्या नियामक संस्थेनं, नॅशनल हॉट रॉड असोसिएशननं, उंचीवरच्या ट्रॅकसाठी वेळेच्या दुरुस्तीचे वेगळे तक्ते ठेवले आहेत. तिथेही टर्बोवाल्याला साध्या इंजिनाचा तक्ता लावला की त्याला न कमावलेली सूट मिळते, हा वाद नेहमीचा.

याचा आपल्या ग्राहकाशी थेट संबंध असा. एका पुणेकरानं जानेवारीत आपली टर्बो गाडी डायनोवर चढवली: प्रत्यक्ष १००, गुणक १.०५, कागदावर १०५. मग त्यानं महागडं एअर फिल्टर बसवलं आणि मे महिन्यात पुन्हा मोजलं. उन्हामुळे गाडीनं प्रत्यक्षात दोन अश्वशक्ती गमावल्या, ९८ आल्या. पण गुणक आता १.०९९, म्हणून कागदावर १०७.७. फिल्टरनं जवळपास तीन अश्वशक्ती वाढवल्या असं तो सगळ्यांना सांगणार, आणि दोन्ही ग्राफ दाखवणार. फिल्टरनं काहीच केलेलं नसेल. वाढलेला तो उन्हाळा आहे. यात दुकानदाराची लबाडी असायला हवी असंही नाही; सगळ्यांनी प्रामाणिकपणे वागूनही ही वाढ कागदावर येते. स्टेज वन रीमॅपसारखा, म्हणजे इंजिनाच्या संगणकाच्या सूचनाच बदलण्यासारखा, मोठा बदल केला तर वीस-पंचवीस अश्वशक्तींचा फरक पडतो आणि ही तीनची चूक त्यात बुडून जाते. पण फिल्टर, एक्झॉस्टची टोकं, स्पार्क प्लग यांचा सगळा व्यापार या तीन-चार अश्वशक्तींवरच उभा आहे.

म्हणून आधी-नंतरची तुलना करायची तर एकाच दिवशी, एकाच यंत्रावर, गाडी तशीच बांधून, दोन-तीन रन आधी आणि दोन-तीन नंतर, आणि इंजिनाचं तापमान सारखं होऊ देऊन. मग कोणताही गुणक लावा, तो दोन्हीकडे जवळपास सारखाच राहील आणि फरकाला धक्का लागणार नाही. डायनो खरा उपयोगी आहे तो या कामाला. एका मेकच्या रोलरचा आकडा दुसऱ्या मेकच्या आकड्याशी जुळत नाही: एक जड रोलर किती झपाट्यानं वेग घेतो ते पाहून ताकद काढतो, दुसरा विद्युतचुंबकी ब्रेक लावून गाडीला भाराखाली धरतो, तिसरा चाकं काढून थेट हबलाच जोडतो. टायरमधली हवा, पट्ट्यांचा ताण, गिअरबॉक्समधल्या तेलाची ऊब, सगळं मोजणीत शिरतं. हवेची दुरुस्ती यातल्या एकाही गोष्टीला शिवत नाही.

त्यावर आणखी एक दुरुस्ती चढवायची रीत आहे आणि ती मला सर्वांत कमी पटते. चाकांवरच्या आकड्यावरून 'इंजिनाची' अश्वशक्ती काढायची म्हणून सरसकट १५ टक्के घट धरून भागाकार करायचा. आपल्या उदाहरणात ११०ला ०.८५ने भागलं की १२९. मोजलं होतं १००. गिअरबॉक्सचं नुकसान ताकदीच्या ठरावीक टक्क्यांत वाढत नाही. त्यातला मोठा भाग वेगावर आणि तेलावर अवलंबून असतो. ट्यून करून ताकद तीस टक्क्यांनी वाढवली म्हणून गिअर तीस टक्के जास्त खाऊ लागत नाहीत. एक अंदाज, त्यावर दुसरा अंदाज, आणि वरून दशांश चिन्हानंतर एक अंक.

कारखान्यांचे अधिकृत आकडेही यातून सुटलेले नाहीत. अमेरिकेत १९७१पर्यंत इंजिन टेबलावर ठेवून, एअर क्लीनर, पंखा, मूळ एक्झॉस्ट बाजूला काढून मोजलेली 'ग्रॉस' अश्वशक्ती छापत. १९७२पासून सगळा लवाजमा लावून 'नेट' छापू लागले आणि कॅडिलॅकचं अजस्र ५०० घनइंचांचं इंजिन १९७१च्या ३६५वरून २३५वर आलं. २००४मध्ये जे १३४९चे नियम कडक झाले, पुढच्या वर्षी साक्षीदारासमोर मोजणी करून प्रमाणपत्र देण्याची पद्धत आली. टोयोटाच्या व्ही-सिक्स कॅमरीचे २१०चे १९० झाले. कॉर्व्हेट झेड-०-सिक्सचं एलएस-सेव्हन ५००वरून ५०५वर गेलं. हवेची दुरुस्ती आधीही होती. फरक पडला तो मोजताना काय काय जोडायचं, कुणासमोर मोजायचं, याच्या पळवाटा बुजल्यामुळे.

मग करायचं काय? लातूरच्या बाजारात सोयाबीन विकणारा शेतकरी ओलाव्याची घट मान्य करतो. ओलं बी आणि वाळलेलं बी एका भावानं जाऊ नये हे त्यालाही पटतं. पण त्याचा आग्रह असतो की ओलावा मोजणारं यंत्र माझ्यासमोर लावा आणि आकडा पावतीवर लिहा. त्याचा हा हट्ट डायनोच्या ग्राहकानं उचलावा. कागदावर अनकरेक्टेड आकडा हवा, वापरलेल्या पद्धतीचं नाव हवं, गुणक तीन दशांशांपर्यंत हवा, आणि तापमान, प्रत्यक्ष दाब, आर्द्रता हवीत. ही सगळी माहिती सॉफ्टवेअरकडे असतेच, ती छापायला वेगळा खर्च नाही. पुण्यात गुणक १.०७च्या वर गेला असेल तर ते कागदावर ठळक दिसायला हवं. आणि टर्बो गाडी असेल तर मी म्हणेन, अनकरेक्टेड आकडाच मुख्य धरा. फार तर तापमानाची दुरुस्ती करा, दाबाची नको.

एकच आकडा सर्वांना पुरेल ही अपेक्षाही सोडायला हवी. पुण्याहून बाइक काढून लेहला जाणारे तरुण ३५०० मीटरवर पोहोचतात तेव्हा साध्या इंजिनाची जवळपास एक तृतीयांश ताकद खाली राहिलेली असते. घाट चढताना गिअर पाडायचा की नाही ते तिथली हवा ठरवते, २५ अंश आणि ९९० हेक्टोपास्कलशी तिथे कुणाला कर्तव्य नसतं. दोन गाड्यांची तुलना करणाऱ्याला दुरुस्त आकडा हवा, गाडी चालवणाऱ्याला न दुरुस्त केलेला. दोघांचे प्रश्न वेगळे आहेत आणि दोघंही बरोबर आहेत.

हा विषय जुना होत चालला आहे असं कुणी म्हणेल, कारण इलेक्ट्रिक गाड्या आल्या. उलट त्यांच्यामुळे तो अधिक तातडीचा झाला आहे. इलेक्ट्रिक मोटर हवा जाळत नाही. तिच्यासाठी गुणक नेमका १ असायला हवा. पण डायनोच्या सॉफ्टवेअरमध्ये मागच्या पेट्रोल गाडीचा एसएई पर्याय तसाच राहिला तर यंत्र निमूटपणे इलेक्ट्रिक गाडीलाही पुण्याच्या हवेची भरपाई देऊन टाकतं, आणि १००चे ११० होतात. दुसरीकडे, त्या गाडीची ताकद ज्यावर खरोखर अवलंबून असते, म्हणजे बॅटरी किती भरलेली आहे, किती तापलेली आहे, आधी किती रन झाले आहेत, त्यांची दुरुस्ती करणारं सूत्र डायनोवाल्याच्या यादीत नसतं. पूर्ण भरलेल्या बॅटरीवरचा पहिला रन आणि वीस टक्के उरलेल्या बॅटरीवरचा पाचवा रन यांत अंतर पडतं, आणि ग्राफवर त्याचा मागमूस नसतो. पुढच्या दहा वर्षांत आपल्या डायनोंवर चढणाऱ्या गाड्यांत या गाड्या वाढत जाणार आहेत. त्यांच्या कागदावर निदान बॅटरीची टक्केवारी आणि तापमान, हे दोन आकडे लिहायला आजपासून सुरुवात करता येईल.